49 दिवस आणि रोजची हजेरी

पोलिसांचे अधिकार, कॅमेरे, जनसुरक्षा विधेयक असा विषय निघाला की सोलापुरात कुणी ना कुणी 1930चा मार्शल लॉ काढतोच. आम्हाला सरकारी बडग्याचं काय सांगता, अख्ख्या शहरानं तो भोगलाय, असा त्यातला सूर. तो खराच आहे. पण निगराणीची गोष्ट सांगायची तर चार हुतात्मा चौकातून निघून आणखी थोडं पुढे जावं लागतं, सेटलमेंटपर्यंत, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं त्या जुन्या वसाहतीपर्यंत. पाहुण्याला शहर दाखवताना आपण किल्ला दाखवतो, सिद्धेश्वराचं तळं दाखवतो. सेटलमेंट त्या फेरीत कधीच नसते.

आधी मार्शल लॉ. 5 मे 1930ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्यांचं गाव, त्यामुळे रस्त्यावर उतरायला माणसं कमी नव्हती. 8 मेला रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडण्यावरून धरपकड झाली, जमाव जमला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले आणि पुढचे तीन-चार दिवस शहरात इंग्रज सरकार म्हणून काही दिसेना. 12 मेला लष्कर आलं. झेंडा मिरवणं हा गुन्हा ठरला, डोक्यावरच्या गांधी टोप्या उतरवल्या गेल्या, नगरपालिकेवर चढलेला तिरंगा खाली आला. हे 30 जूनपर्यंत चाललं. सोलापूरकर त्याला 49 दिवस म्हणतात. चौकी जाळल्याच्या आणि पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931ला येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. धनशेट्टी तर त्या दिवशी जमावाला आवरत होते, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. दरवर्षी 12 जानेवारीला पुतळ्यांना हार पडतात, तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर असते आणि नंदीध्वजांची लगबग सुरू झालेली असते. त्यामुळे ही तारीख गावाच्या अंगवळणी पडली आहे.

मार्शल लॉला सुरुवात होती तसा शेवटही होता. कोणी लावला, कधी उठवला, कोणाला शिक्षा झाली हे सगळं नोंदलं गेलं, आणि सगळ्या गावावर तो एकदमच आला म्हणून सगळ्या गावाला आठवतो. सेटलमेंटमधल्या माणसांवरचा पहारा त्याच्या आधी बरीच वर्षं सुरू होता आणि 30 जून 1930ला तो उठला नाही. गाव मोकळं झालं, कुंपणात मात्र दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी हजेरी झाली.

त्या पहाऱ्याचं मूळ 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. तो आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911ला नवा कायदा आला आणि मुंबई इलाखाही त्यात ओढला गेला. 1924ला सगळं एकत्र करून पुन्हा कायदा झाला. त्याची रीत अशी. सरकारनं राजपत्रात एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायची. मग त्या जमातीतल्या माणसांची रजिस्टरात नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, घर किंवा गाव बदलायचं तर आधी कळवणं. एखाद्यानं काही केलं आहे हे सिद्ध करायची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. आणि ही जाहीर केलेली यादी चूक की बरोबर हे कुठल्याही कोर्टात विचारता येणार नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलेलं. सरकारच्या मनमानीबद्दल आपण आज जे म्हणतो, ते सगळं या एका कलमात मावतं.

कायद्यात वसाहती करण्याचीही सोय होती. मुंबई इलाख्यात हे काम ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याकडे होतं. विजापूर, हुबळी, सोलापूर अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट, मांगगारुडी, पारधी अशा जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणाआड आणली गेली. सोलापूरच्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. जागा सोलापूरच का, याचं उत्तर गिरण्यांत आहे. गिरण्यांना हात हवे होते आणि सरकारला या माणसांना कुठेतरी जुंपून ठेवायचं होतं. भोंगा झाला की पास घेऊन कामावर जायचं, पाळी संपली की तारेच्या आत. मुक्कामी नाही सापडलं तर तोच गुन्हा. वर्षानुवर्षं वागणूक चांगली राहिली तर कुंपणाबाहेरच्या वस्तीत राहायची मुभा मिळायची. आजही तिथल्या पत्त्यांवर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं लिहिलेलं असतं आणि पुढे कॉलनीचा नंबर. त्यातला 'फ्री' या मुभेची आठवण आहे.

स्टार्टसाहेबांबद्दल एक गंमत. याच माणसाच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारनं दलित आणि आदिवासी यांच्यासाठी समिती नेमली, तिचा अहवाल 1930चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. सुधारणा आणि पहारा एकाच हातात राहू शकतात, आणि त्या हाताला त्यात विसंगती वाटतेच असं नाही. शाळा, कातकाम, सहकारी पतपेढी, प्रार्थना आणि हजेरी, सगळं एकाच आवारात.

आता स्वातंत्र्याचं. भटक्या-विमुक्तांच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: देश 15 ऑगस्ट 1947ला स्वतंत्र झाला, आम्ही 5 वर्षं 16 दिवसांनी, 31 ऑगस्ट 1952ला. देशपातळीवर हे अगदी खरं; त्या दिवशी केंद्रानं गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला आणि म्हणून 31 ऑगस्ट हा विमुक्त दिन. त्याआधी अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीनं तशी शिफारस केली होती. मुंबई प्रांतानं मात्र 1949मध्येच आपल्यापुरता तो मोडीत काढला होता. पंडित नेहरूंनी पुढे सोलापुरात येऊन स्वतः कुंपणाची तार तोडली, ही आठवण सेटलमेंटमध्ये अजून अभिमानानं सांगतात.

पण तार तुटण्याआधीच दुसरी तयारी झाली होती. मुंबई प्रांतात 1947लाच सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा झाला, आणि 1959ला त्या जागी मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम आला. म्हणजे नवं रजिस्टर उघडलं आणि मग जुनं मिटलं. नव्या कायद्यात जमातीचं नाव नाही, आधीच्या शिक्षा मोजायच्या आहेत, हा फरक लहान नाही. पण वहीत पहिली नावं कोणाची चढली असतील? जी आधीच्या वहीत होती, ज्यांचे ठसे तयार होते. सेटलमेंटमध्ये वाढलेल्या माझ्या एका मित्राला अजून पत्ता सांगताना समोरचा क्षणभर गप्प होतो ते कळतं. तो आता जवळच्या चौकाचं नाव सांगतो.

(कायद्याच्या विद्यार्थ्यांना सोलापूर भेटतं ते भलत्याच कारणानं. 1949ला बंद पडलेल्या जुनी मिलचा ताबा सरकारनं जानेवारी 1950मध्ये वटहुकूम काढून घेतला, आणि त्यावरचे खटले थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गिरणीच्या भागधारकाचे मूलभूत हक्क काय, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. त्याच गिरण्यांत पास घेऊन येणाऱ्यांच्या हक्कांवर कोणी खटला लढवला नाही.)

हिस्ट्रीशीटचा, म्हणजे पाळतीतल्या माणसाच्या पोलिसी नोंदवहीचा, प्रश्न कोर्टात आला तो उत्तर प्रदेशातून. खरक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप होता, पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. रात्री-बेरात्री चौकीदार दार वाजवायचे. 1962मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, बाकीची पाळत मात्र चालू ठेवली. खासगीपण हा हक्क आहे, असं तेव्हा अल्पमतात राहिलेले न्यायमूर्ती सुब्बा राव म्हणाले. ते बहुमताला पटायला 2017 उजाडलं, पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर. मधल्या काळात 1996मध्ये फोन टॅपिंगवर पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात काही बंधनं आली. त्याआधी 1885च्या टेलिग्राफ कायद्यातल्या एका पोटकलमावर सगळं चाललं होतं.

महाराष्ट्रातलं रोजचं हत्यार मात्र फोन टॅपिंग नाही, तडीपारी आहे. 1951च्या पोलीस कायद्यातली 55 ते 57 ही कलमं. गणपती किंवा निवडणूक जवळ आली की पेपरात ओळ येते: अमका दोन वर्षांसाठी सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतून तडीपार. दोन वर्षं ही कायद्यानं घातलेली कमाल मर्यादा. साक्षीदार भीतीनं पुढे येत नाहीत, हे त्यामागचं कारण, आणि ते दरवेळी खोटं असतं असं मी म्हणणार नाही; ज्यांच्या गल्लीत दादा असतो त्यांना विचारा. पण ज्याला घालवायचं त्याला आरोपांचं साधारण स्वरूप सांगितलं की पुरे. कोण काय बोललं हे त्याला कळत नाही. खटल्याविना स्थानबद्ध करू देणारा 1981चा एमपीडीए आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 1999चा मकोका हे त्याच्यावरचे मजले. 2025च्या जुलैत विधिमंडळानं मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकानं त्यात संघटनाच बेकायदा ठरवण्याची भर टाकली.

2024च्या मे महिन्यात दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं विमुक्त आणि दुर्बल समाजातल्या निरपराध माणसांची नावं यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये चढवली जातात, यावर बोट ठेवलं आणि सगळ्या राज्यांना त्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. त्याच ऑक्टोबरात तुरुंगांमधल्या जातीभेदावरच्या निकालात, विमुक्त जमातींना जन्मजात सराईत समजणाऱ्या तुरुंग नियमांवर कोर्टानं ताशेरे ओढले. कायदा रद्द होऊन तोवर 72 वर्षं झाली होती.

वही आता कागदाची राहिलेली नाही. 2022च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं कैद्यांच्या ओळखीचा 1920चा जुना कायदा बाजूला केला. शिक्षा झालेल्याच नव्हे, अटक झालेल्या माणसाचेही बोटांचे, तळव्यांचे, पावलांचे ठसे, डोळ्यांचे स्कॅन, सही, हस्ताक्षर घेता येतात, आणि ते राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 75 वर्षं राहतात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर नोंद पुसायची, असं कायदा सांगतो. पण अपिलांचे सगळे मार्ग संपल्यावर, आणि न्यायालयानं वेगळं सांगितलं नसेल तरच. आज विशीतल्या कुणाला एखाद्या मोर्चात उचललं आणि खटला रेंगाळला, तर त्याच्या नातवंडांची लग्नं होतील तेव्हाही त्याची पावलं दिल्लीच्या सर्व्हरवर असू शकतात. सेटलमेंटमधल्या ठशांच्या वह्या निदान कपाटात होत्या.