वेंट पाइप फक्त वास घालवायला नसतो

बाथरूमचं काम काढलं की कोणीतरी सांगतंच, "टबला वेंट कशाला? तो वास जायला असतो, संडासाला आहे की!" हे अर्धंच खरं. वेंट म्हणजे सांडपाण्याच्या पाइपाला जोडून गच्चीपर्यंत नेलेला, वरून उघडा पाइप. घाण वायू त्यातून गच्चीवर जातो, पण मोठं काम उलटं आहे: हवा आत घेणं.

टबाखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाइपाच्या वाकड्या भागात, साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहतं. गटारातला वास थोपवतं ते हे पाणीच. भरल्या टबाचं बूच काढलं की शे-दीडशे लिटर पाणी एका दमात पाइपात उतरतं. मागून हवा मिळाली नाही, तर ते ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. शेजारच्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीवरच्या जाळीखालचा ट्रॅप) गुडगुड ऐकू येते ना, शहाळ्यातला शेवटचा घोट स्ट्रॉने ओढताना होते तशी? खूण तीच. म्हणून वेंट ट्रॅपच्या पुढे, पण जवळच जोडायचा.

पाऊस शिरतो म्हणून गच्चीवरचं तोंड सिमेंटने बुजवणारे महाभागही असतात. तिथे जाळीची टोपी पुरते.

मे महिन्यात गावाहून परतल्यावर येणाऱ्या वासाचा मात्र वेंटशी संबंध नाही. ट्रॅप वाळलेला असतो; तांब्याभर पाणी ओता.