टर्प की होलेप? गोळ्यांनी भागेनासं झाल्यावर

प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढली म्हणून टॅम्सुलोसिनची गोळी चालू आहे, जोडीला ड्युटास्टेराइड घेऊन सहा महिने झाले, तरी धार बारीकच. एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडकते, नळी घालावी लागते आणि डॉक्टर ऑपरेशनचं बोलतात. मग घरात चर्चा सुरू होते: दुर्बिणीचं, म्हणजे टर्प, करायचं की लेसरचं, म्हणजे होलेप? खरं तर दोन्ही दुर्बिणीचीच. दोन्हींत पोटावर टाका पडत नाही, लघवीच्या वाटेनेच आत जातात.

टर्पमध्ये विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने प्रोस्टेट आतून थोडी थोडी खरवडून काढतात. होलेपमध्ये होल्मियम लेसरने वाढलेला भाग, संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा तसा, अख्खा सोडवतात. तो मूत्राशयात ढकलून तिथेच बारीक करून ओढून घेतात.

धार दोन्हींनी छान सुटते. खरा फरक पडतो तो सोनोग्राफीच्या रिपोर्टवरच्या आकड्याने. ग्रंथी साधारण ८० ग्रॅमच्या पुढे गेली की टर्प लांबतं आणि रक्त जास्त जातं. होलेपला आकाराची अशी अडचण नाही. त्यात रक्तस्राव कमी, नळी सहसा लवकर निघते, आणि काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यताही कमी. मात्र होलेप सर्जनला शिकायला अवघड आहे. चाळीसेक ग्रॅमच्या ग्रंथीसाठी टर्पमध्ये हात बसलेला सर्जन जवळ असेल, तर केवळ लेसरच्या नावासाठी दुसरीकडे धावू नये, असं मला ठामपणे वाटतं. होलेपनंतर खोकताना-शिंकताना थेंब गळणं सुरुवातीला जरा जास्त दिसतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत थांबतं.

'लेसर आहे, म्हणजे वीर्याचा त्रास नाही' हा समज मात्र चुकीचा. दोन्हींनंतर बहुतेक पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. ताठरता सहसा टिकते, पण मूल हवं असेल तर हे ऑपरेशनआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. संकोच वाटतो, तरी बोलाच.

शिवाय दोन्हींत ग्रंथीचं बाहेरचं कवच आतच राहतं, त्यामुळे पुढे कॅन्सर होण्याची शक्यता संपत नाही. ऑपरेशननंतर पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, बराच खाली येतो. पुढची तपासणी त्या नव्या आकड्याशी ताडून बघायची, जुन्याशी नाही.