ब्लॅक नार्सिसस : धर्मव्रत आणि दडपलेली वासना

मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीने लिहिलेला, निर्मिलेला व दिग्दर्शित केलेला ब्रिटिश रंगीत चित्रपट (१९४७). लांबी सुमारे १०० मिनिटे. आधार रूमर गॉडन यांच्या १९३९ च्या त्याच नावाच्या कादंबरीचा. गॉडन यांचे बालपण पूर्व बंगालातील नारायणगंजला गेले होते. चित्रपट मात्र त्यांना आवडला नाही. कलकत्त्याच्या मठातून पाच अँग्लिकन नन हिमालयातील मोपू या गावी शाळा आणि दवाखाना काढायला जातात आणि वर्षभराच्या आत हरून परततात, एवढेच कथानक. श्रद्धा आणि देहाची ओढ यांच्यातील झगडा एकही उघडे दृश्य न दाखवता पडद्यावर कसा आणता येतो, याचा हा चित्रपट आजही सर्वांत चांगला नमुना आहे.

नन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा कॅथलिक मठ येतो. अँग्लिकन पंथातही असे संघ आहेत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ज्या वाँटेजच्या धर्मभगिनींकडे राहिल्या आणि जिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तो संघ अँग्लिकनच. त्याच संघाच्या सिस्टर पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करत. चित्रपटातील ‘सर्व्हंट्स ऑफ मेरी’ या संघाचा एक नियम कथेच्या दृष्टीने कळीचा आहे. इथली व्रते आजन्म नाहीत, ती दरवर्षी नव्याने घ्यायची असतात. त्यामुळे प्रत्येक नन वर्षातून एकदा पुन्हा निवड करते. सिस्टर रूथ व्रत मोडून पळत नाही, ती त्याचे नूतनीकरणच करत नाही. तिला अडवण्याचा अधिकार मठप्रमुख सिस्टर क्लोडाकडे उरत नाही, उरते ती फक्त विनवणी. शेवटच्या भागातला सारा ताण या एका नियमावर उभा आहे.

ननना मिळालेली वास्तू म्हणजे स्थानिक जनरलच्या वडिलांचा जुना जनानखाना. भिंतींवर शृंगारिक चित्रे, उघडे सज्जे, आणि दिवसरात्र न थांबणारा वारा. आधी तिथे धर्मबंधूंचा एक गट येऊन काही महिन्यांतच निघून गेलेला असतो. जनरलचा ब्रिटिश कारभारी मिस्टर डीन पहिल्याच भेटीत सांगून टाकतो, की पावसाळा सुरू होईपर्यंत तुम्ही टिकाल. गावकरी शाळेत आणि दवाखान्यात येतात तेही जनरल त्यांना पैसे देतो म्हणून. कामाचा पाया असा उसना असल्याने एक धक्का पुरतो. कनवाळू सिस्टर हनी एका मरणासन्न बाळाला औषध देते; जगण्याची आशा नसलेल्याला हात लावू नका, असे डीनने आधीच बजावलेले असते. बाळ दगावते आणि दुसऱ्या दिवशी वास्तूत चिटपाखरू फिरकत नाही.

पडझडीचे खरे कारण मात्र गावात नाही, ननच्या आठवणीत आहे. या संघाने त्यांना काम दिले, विसरणे दिले नाही. सिस्टर फिलिपा भाजीच्या वाफ्यांची जबाबदार. इथून फार दूरवर दिसते असे तिला वाटू लागते, विचार थांबवण्यासाठी ती हाताला घट्टे पडेपर्यंत राबते, आणि तरीही बटाटे-कांद्यांऐवजी वाफ्यांत फुले लावून बसते. मग स्वतःच बदली मागते. देहवासनेचा इथे मागमूसही नाही, पण सौंदर्याची भूकही व्रताच्या विरोधात जाऊ शकते हे तिला उमगलेले असते. संपूर्ण चित्रपटात स्वतःला सर्वांत प्रामाणिकपणे ओळखणारी व्यक्ती तीच.

क्लोडाची (डेबोरा कर) गोष्ट प्रार्थनेच्या मधोमध उघडते. डोळे मिटून उभी असताना तिला आयर्लंडमधले तळे दिसते, कॉन नावाचा तरुण दिसतो, आजीचा पाचूचा हार गळ्यात घालून पाहणारी ती स्वतः दिसते. लग्न होणार हे सगळ्या गावाने धरलेले. कॉन मात्र अमेरिकेची स्वप्ने पाहणारा. त्या नामुष्कीतून ती मठात आली. तिचा ताठा भक्तीइतकाच त्या जखमेतून आला आहे, हे पॉवेल-प्रेसबर्गर एका शब्दानेही न सांगता नुसत्या दृश्यांच्या जोडणीतून दाखवतात. कलकत्त्याच्या मदर डोरोथियांनी निघताना तिला बजावलेले असते, की प्रमुख ही सर्वांची सेविका असते. हे तिला कळते, पण फार उशिरा.

रूथ (कॅथलीन बायरन) ही क्लोडाचीच दुसरी बाजू. एका स्त्रीचा रक्तस्राव थांबवून ती रक्ताने माखलेल्या झग्यात, अभिमानाने धावत येते. क्लोडा तिला रागावते, डीन तिचे आभार मानतो. त्या दोन वाक्यांतून रूथचे पुढचे सगळे ठरते. मायेचा एक शब्द मिळाला तो एका पुरुषाकडून, आणि पांढऱ्या कापडावरचा पहिला लाल डागही तिथेच पडला.

रंगाची ही योजना काटेकोर आहे. वेशभूषाकार हाइन हेकरोथ यांनी ननसाठी दुधी पांढरे झगे निवडले, त्यांच्या चेहऱ्यांवर दिसेल असा मेकअप ठेवला नाही, आणि लाल रंग बराच वेळ आवरून धरला. त्यामुळे शेवटाकडे रूथ टपालाने मागवलेल्या गडद लाल पोशाखात समोर येते तेव्हा रंगच गुन्ह्यासारखा वाटतो. मेणबत्तीच्या दोन बाजूंना दोघी बसतात. क्लोडा बायबल उघडते, रूथ लिपस्टिक काढून ओठ रंगवू लागते. एवढीच कृती, पण पॉवेल आणि छायाचित्रकार जॅक कार्डिफ तिला इतके जवळून दाखवतात की आधी एवढा वेळ उपास का घडवला ते कळते. पुढे डीन झिडकारतो तेव्हा रूथच्या नजरेतून पडदा लाल रंगाने भरतो आणि ती कोसळते.

चित्रपटाचे नावही असेच वासाच्या वाटेने येते. जनरलचा वारस असलेला तरुण जनरल (साबू) लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून आणलेले ‘ब्लॅक नार्सिसस’ अत्तर रुमालाला लावून वर्गात बसतो. पॅरिसच्या कारों या घराण्याचे तशाच नावाचे अत्तर १९११ पासून बाजारात होते. म्हणजे मोपूतला मोहक ‘पौर्वात्य’ दरवळ युरोपच्या दुकानातून आलेला आहे.

निर्मितीची रीत

एवढा हिमालय पडद्यावर असूनही चित्रपटाचे पथक भारतात आलेच नाही. जवळजवळ सगळे चित्रीकरण लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झाले. हिमालयी झाडाझुडपांसाठी ससेक्समधील लेनर्ड्सली या बागेचा उपयोग केला. कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे यांनी वास्तू उभारली. दूरचे डोंगर दाखवायला कृष्णधवल छायाचित्रे प्रचंड आकारात वाढवून त्यांवर खडूने रंग भरले. दरीसाठी पर्सी डे यांनी काचेवर चित्रे रंगवली. कड्यावरची घंटा वाजवणारी नन प्रत्यक्षात स्टुडिओच्या आवारात सुरक्षित उभी होती. तिच्या पायाखालची हजारो फुटांची खोली रंगवलेली आहे. खऱ्या डोंगरात वारा आणि प्रकाश मनासारखे मिळत नाहीत, इथे ते दृश्यातल्या मनःस्थितीप्रमाणे बदलता आले.

त्या काळच्या टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात प्रकाश लोलकातून विभागून तीन निगेटिव्हवर एकाच वेळी पडे. फिल्म संथ, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील असल्याने दिव्यांचा अक्षरशः भडिमार करावा लागे, आणि त्यात सावल्या हरवण्याचा धोका असे. कार्डिफ यांनी व्हर्मीरसारख्या जुन्या युरोपीय चित्रकारांकडे पाहून प्रकाश एकाच बाजूने घेतला, सावल्यांत हिरवट छटा मिसळली, पहाटेसाठी धुक्याचा फिल्टर लावला. त्यांना छायाचित्रणाचे आणि युंगे यांना कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले.

रूथ क्लोडाचा माग काढते तो शेवटचा भाग उलट्या क्रमाने बांधला आहे. ब्रायन ईझडेल यांचे संगीत आधी ठरले, पियानोवर वाजवून आणि स्टॉपवॉच लावून तालीम झाली, मग त्या मापात चित्रीकरण. संवाद जवळजवळ नाहीतच. पावलांचा वेग, डोळ्यांचा क्लोज-अप, दार उघडणे, सगळे संगीताच्या मात्रांवर पडते. घंटेपाशी झटापट होते, रूथ दोराजवळून क्लोडाला ढकलते आणि स्वतःच कड्यावरून खाली जाते.

कात्री आणि आक्षेप

अमेरिकेत ‘नॅशनल लीजन ऑफ डीसेन्सी’ या कॅथलिक संस्थेने चित्रपटाला विरोध केला आणि तिथे दाखवलेल्या प्रतीतून क्लोडाच्या आयर्लंडच्या आठवणी कापल्या गेल्या. ही काटछाट आशयावरच घाव घालते. आठवणी काढल्या की ननच्या मनातली खळबळ हिमालयाच्या हवेने केलेली चेटूक ठरते. त्या ठेवल्या की ती सोबत आणलेली शिदोरी ठरते. मूळ प्रत पाहूनच या चित्रपटावर मत बनवावे.

तरी वसाहतीच्या नजरेचा आरोप पूर्ण पुसला जात नाही. म्हैसूर संस्थानात जन्मलेला साबू सोडला तर मुख्य भारतीय भूमिका ब्रिटिश नटांनी केल्या. कांची या स्थानिक तरुणीच्या भूमिकेत जीन सिमन्स चेहरा रंगवून, नथ घालून, न बोलता वावरते. मठाच्या जागेतच बसलेला मौनी साधू एकदाही तोंड उघडत नाही. पण क्लोडा त्याला हटवू पाहते तेव्हा डीन विचारतो, ख्रिस्ताने इथे काय केले असते? तिच्याकडे उत्तर नसते. व्रत तिनेही घेतले आहे, साधूनेही. त्याच्यावर वाऱ्याचा परिणाम होत नाही, हा फरक चित्रपट कुठेही उलगडून सांगत नाही.

मूळ पटकथेत शेवटी क्लोडा कलकत्त्याला मदर डोरोथियांपुढे हिशेब द्यायला उभी राहते. ते दृश्य चित्रितही झाले होते. पण डीनचा निरोप घेऊन नन दरी उतरतात तेव्हा पावसाचे पहिले टपोरे थेंब पानांवर पडतात. ते पाहून दोघा दिग्दर्शकांनी पुढचे दृश्य काढून टाकले.