पार्श्वभूमी : कोविड लशीच्या हिशेबातला वेस्टेजचा (वाया गेलेल्या डोसांचा) रकाना आणि अकरावा डोस

देवीच्या काळी लस टोचल्याचा पुरावा दंडावर राहायचा. तपासनीस बाही वर करायला लावायचा. वण नसेल तर वहीतली नोंद खोटी. देवी 1975 मध्ये देशातून गेली. नंतरच्या बहुतेक लशी असा वण ठेवत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त नोंदीवर आली.

खरेदीतला धोका 2009 च्या स्वाइन फ्लूत दिसला. युरोपातल्या काही देशांचे लसखरेदीचे करार आधीच झालेले होते. 11 जूनला जागतिक साथ जाहीर झाली तसे ते लागू झाले. साथ सौम्य निघाली आणि पैसे भरलेले डोस पडून राहिले.

आपल्याकडे खरी गुंतागुंत 1 मे 2021 पासूनची. कोविशिल्डचा डोस केंद्राला 150, राज्यांना 300 आणि खासगी रुग्णालयांना 600 रुपयांना. एकाच मालाला तीन भाव लावले की स्वस्तातला माल महागात विकायची वाट आपसूक तयार होते. 21 जूनपासून राज्यांची खरेदी थांबली, केंद्र 75 टक्के आणि खासगी 25 टक्के अशी वाटणी झाली. तरी लस घेणाऱ्याला सरकारी केंद्रावर फुकट आणि खासगीत 780 रुपये ही दरी राहिलीच.

आता ‘वेस्टेज’. सुरुवातीच्या नियोजनात 10 टक्के नासाडी धरून 1.11 हा गुणक लावला होता. म्हणजे 1000 लोकांसाठी 1110 डोस, 111 व्हायल (लशीच्या कुप्या). लेबलवर 5 मिली, दहा डोस. पण भरताना थोडं जास्त भरतात, त्यामुळे सराईत हाताला 0.5 मिलीचा अकरावा डोसही निघतो. तो प्रत्येक व्हायलमधून निघाला तर 1221 डोस होतात. नासाडी पूर्ण दाखवायची आणि अकरावा लपवायचा, की 221 डोस हिशेबाबाहेर. 780 च्या भावाने 1,72,380 रुपये. ही कागदावरची कमाल मर्यादा आहे, पण भोक कुठे आहे ते कळतं.

21 जूनच्याच नियमाने जास्त नासाडी दाखवणाऱ्या राज्याचा कोटा कमी होणार असं ठरलं. हा निर्णय शहराच्या नजरेतून झाला, असं आमचं मत. जळगाव-धुळ्यात रांगेतून दहा माणसं सहज मिळायची. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर सहाच आली तरी व्हायल उघडावी लागायची, आणि उघडल्यावर चार तासांत संपली नाही तर टाकावी लागायची. चार डोस प्रामाणिकपणे वाया गेले. ते लिहिले तर वर जाब द्यायचा. म्हणून एकतर दहा जमेपर्यंत व्हायल उघडायचीच नाही आणि डोंगर उतरून आलेल्याला परत पाठवायचं, नाहीतर गैरहजर चौघांची नावं चढवायची. रेंज नसल्याने ऑनलाइन नोंद संध्याकाळी खाली आल्यावर व्हायची, तेव्हा हे सोपंही असायचं. सातपुड्यातलं सलग शून्य वेस्टेज त्यामुळे आम्हाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त संशयास्पद वाटतं.

ताळा लावायचा तर सिरिंजवरून. एडी (ऑटो-डिसेबल) सिरिंज एकदाच चालते, मग आपोआप निकामी होते. तिचा खप, उघडलेल्या व्हायल आणि नोंदलेले डोस एका ओळीत मांडले की फरक उघडा पडतो. मात्र सिरिंजचा साठा वेगळ्या रजिस्टरात, व्हायलचा वेगळ्या. रिकाम्या व्हायलही मोजून नष्ट करायच्या असतात, नाहीतर त्यांत दुसरंच काही भरून टोचता येतं. मुंबईतल्या सोसायट्यांत 2021 च्या मे-जूनमध्ये बोगस शिबिरं भरली, तेव्हा लशीऐवजी सलाईन टोचल्याचा संशय होता.