सरकारी नोकरीतील ‘एकूण मोबदला’ : पार्श्वभूमी

पगार बेताचा, पण नोकरी पक्की आणि म्हातारपणी पेन्शन. सरकारी नोकरीतला हा सौदा जुनाच आहे. पगार, पेन्शन आणि बाकीचे सगळे एकत्र धरणारे ‘टोटल रिवॉर्ड’, म्हणजेच एकूण मोबदला, हे नाव मात्र कालपरवाचे.

ब्रिटनमध्ये १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने वशिलेबाजीऐवजी स्पर्धा परीक्षा आणि गुणवत्तेवर बढती सुचवली. १८५९ च्या कायद्याने पेन्शनचे सूत्र बसवले: सेवेच्या दर वर्षामागे निवृत्तीवेळच्या पगाराचा साठावा हिस्सा, जास्तीत जास्त चाळीस हिस्से. चाळीस वर्षे काढली की दोन-तृतीयांश पगार घरबसल्या! एवढ्या आशेवर माणूस खुर्ची सोडत नसे, आणि सरकारलाही तेच हवे होते.

अमेरिकेत परीक्षेने भरती १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने सुरू झाली, पेन्शन १९२० मध्ये आली, पदांची श्रेणीवार वर्गवारी १९२३ मध्ये. प्रत्येक गोष्टीला वेगळा कायदा. सगळे मिळून कर्मचाऱ्याच्या पदरात काय पडते, याची बेरीज मांडायचे कोणाच्या डोक्यात आले नाही.

मग कामगिरीनुसार पगाराची लाट आली. १९७८ च्या सुधारणा कायद्याने अमेरिकेतील मधल्या फळीच्या व्यवस्थापकांच्या आपोआप मिळणाऱ्या वाढीचा काही भाग कापून तो कामगिरी पाहून वाटायचे ठरवले. रक्कम ठरलेली, त्यामुळे एकाला जास्त द्यायचे तर दुसऱ्याच्या वाट्याला कात्री. नाराजी पसरली नसती तरच नवल. १९८४ मध्ये ही पद्धत बदलली आणि १९९३ मध्ये बदललेलीही गुंडाळली. दरम्यान १९९० मध्ये पेरी आणि वाइज या अभ्यासकांनी लोकसेवेची ओढ ही स्वतंत्र प्रेरणा म्हणून मांडली. पैशाने सगळे साधत नाही, हे खरे तर कुठल्याही कार्यालयातल्या हेडक्लार्कनेही सांगितले असते.

वर्ल्डअ‍ॅटवर्क या मोबदल्याच्या क्षेत्रातील अमेरिकी संस्थेने २००० मध्ये पगार, लाभ आणि कामाचा अनुभव एकत्र पाहणारा ‘टोटल रिवॉर्ड’चा आराखडा मांडला. २००६ मध्ये त्यात काम-घर समतोल, कौतुक आणि प्रगतीच्या संधी यांना स्वतंत्र जागा मिळाली.

सरकारांना त्याची खरी गरज पडली ती पेन्शन आखडती घेताना. ब्रिटनमध्ये २०१५ पासून बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शन शेवटच्या पगाराऐवजी कारकिर्दीच्या सरासरी पगारावर ठरू लागली. त्याच सुमारास तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने कर्मचाऱ्यांना एकूण मोबदल्याचे वैयक्तिक विवरणपत्र द्यायला सुरुवात केली. पगार, भत्ते आणि पेन्शनचा तपशील त्यात एकाच ठिकाणी येतो.