पोर्तुगालची ऑस्कर प्रवेशिका : पार्श्वभूमी

ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागाला, म्हणजे इंग्रजीखेरीज अन्य भाषांतल्या परदेशी चित्रपटांच्या विभागाला, पोर्तुगालने पहिला चित्रपट पाठवला तो १९८० मध्ये. मधले काही खंड सोडले तर तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि प्रवेशिकांची संख्या आता चाळिशीच्या घरात गेली आहे. या विभागात नामांकन मात्र एकदाही मिळालेले नाही. इतक्या वेळा चित्रपट पाठवूनही एकही नामांकन न मिळालेला दुसरा देश नाही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. 'ऑस्करसाठी निवड' असे बातमीत येते तेव्हा तीनपैकी कुठलीही गोष्ट अभिप्रेत असू शकते. देश आपला एकच चित्रपट पाठवतो, ती प्रवेशिका. आलेल्या सगळ्या प्रवेशिकांतून शॉर्टलिस्ट निघते. ती आधी ९ चित्रपटांची असे, २०१९ मध्ये १० ची झाली आणि २०२० पासून १५ ची आहे. त्यातून उरतात ५, आणि नामांकन म्हणायचे ते फक्त या पाचांना. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' या भारताच्या प्रवेशिका होत्या, नामांकने नव्हेत. पोर्तुगीजमध्ये प्रवेशिकेला 'कांदिदातु' आणि नामांकिताला 'नोमियादु' असे दोन वेगळे शब्द आहेत, तरी तिथल्या मथळ्यांतही हीच गल्लत होते.

दुसरा घोळ 'पोर्तुगीज चित्रपट' या शब्दांचा. पुरस्कार देशाच्या नावावर जमा होतो, भाषेच्या नाही. रिओमध्ये चित्रित झालेला, पोर्तुगीज बोलणारा 'ब्लॅक ऑर्फियस' १९६० मध्ये जिंकला, पण फ्रान्सची प्रवेशिका म्हणून. २०२५ मध्ये जिंकलेला 'आय अ‍ॅम स्टिल हिअर' ब्राझीलचा. म्हणजे भाषेला हा मान दोनदा मिळाला, लिस्बनला एकदाही नाही.

पहिली काही वर्षे थोडक्यात सांगता येतात. १९८० चा 'मन्यां सुबमेर्सा' एका सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, वाढणाऱ्या मुलाची गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकात एका वयोवृद्ध दिग्दर्शकाचे चित्रपट पुन्हा पुन्हा गेले. त्यातला १९९३ चा 'व्हाले आब्राआंव' तीन तासांहून मोठा आहे. संथ लय, लांबलचक दृश्ये, साहित्याचा भक्कम आधार ही पोर्तुगीज सिनेमाची युरोपातली ओळख त्याच काळात पक्की झाली. महोत्सवांतले परीक्षक अशा चित्रपटाला वेळ देतात. आठवडाभरात अनेक देशांचे चित्रपट संपवायला बसलेला ऑस्करचा मतदार तितका वेळ देईलच असे नाही. मला हे या अपयशाचे मोठे कारण वाटते.

प्रवेशिका पात्र ठरते ती काही रोकड्या अटींवर. चित्रपट ४० मिनिटांहून मोठा हवा. अमेरिकेबाहेरच्या चित्रपटगृहात तो सलग ७ दिवस तिकीट लावून चाललेला हवा, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. ही मुदत बराच काळ १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर अशी होती. महोत्सवातला खेळ यात धरत नाहीत. त्यामुळे नोव्हेंबर २०१७ मध्ये लागलेला 'पेरेग्रिनासांव' २०१८ ची प्रवेशिका ठरला. (ज्याच्या प्रवासवर्णनावर तो बेतला आहे तो सोळाव्या शतकातला भटक्या गोव्यालाही येऊन गेला होता.) देशागणिक एकच चित्रपट, ही अटही कधी कधी नडते. २०१५ मध्ये सहा तासांहून मोठ्या एका त्रिखंडी चित्रपटाचा फक्त दुसरा खंड पाठवावा लागला.

खरी कसोटीची अट आहे भाषेची : निम्म्याहून जास्त संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत हवेत. २००६ पर्यंत नियम आणखी कडक होता, चित्रपट पाठवणाऱ्या देशाच्याच भाषेत असावा लागे. आदल्या वर्षी इटलीचा एक चित्रपट त्यात इटालियन नसल्यामुळे नाकारला गेला आणि त्यावरून वाद झाल्यावर ही अट सुटली. २००६ मध्येच कॅनडाने हिंदी 'वॉटर' पाठवला आणि त्याला नामांकनही मिळाले. पुढे २०१९ मध्ये विभागाच्या नावातला 'परभाषिक' हा शब्द काढून 'आंतरराष्ट्रीय' केला, पण इंग्रजीची अट तशीच ठेवली. त्याच हंगामात नायजेरियाची पहिलीवहिली प्रवेशिका बाद झाली. इंग्रजी ही तिथली राजभाषा आहे, याचा काही उपयोग झाला नाही.

वर्षभराने पाळी पोर्तुगालची आली. चित्रपट होता 'लिसन'. लंडनमधले एक गरीब पोर्तुगीज जोडपे, त्यांची बहिरी मुलगी, आणि मुलांना घरातून उचलून नेणारी सरकारी यंत्रणा. आईबाप आपसात पोर्तुगीज बोलतात, मुलीशी खुणांच्या भाषेत आणि अधिकाऱ्यांशी इंग्रजीत. व्हेनिसमध्ये पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कार त्याला मिळाला होता. पोर्तुगालमध्ये तो २२ ऑक्टोबर २०२० ला लागला. एरवी ही तारीख त्या वर्षाच्या मुदतीबाहेरची, पण महासाथीमुळे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली होती म्हणून तो बसला. पोर्तुगालमधल्या चित्रपट व्यावसायिकांच्या संस्थेने तो निवडला, पाठवला, आणि डिसेंबरमध्ये उत्तर आले : इंग्रजी जास्त आहे, अपात्र.

इथे हिशेब समजून घ्यायला हवा. अट चित्रपटाच्या लांबीला लागत नाही, संवादांना लागते. 'लिसन' जेमतेम ७३ मिनिटांचा, त्यात शांत प्रसंग बरेच. अशा चित्रपटात कार्यालयातले आणि न्यायालयातले चार-दोन लांब प्रसंग पारडे फिरवायला पुरतात. 'कोर्ट'मध्येही वकील इंग्रजी बोलतात, पण भोवतालचे मराठी-हिंदी-गुजराती त्याहून कितीतरी जास्त आहे. 'लिसन'मध्ये हे इंग्रजी कमी करता येण्यासारखे नव्हते, कारण आईबापांना परक्या भाषेत आपली बाजू मांडावी लागते हाच तर त्याचा विषय. पिढ्यान्‌पिढ्या माणसे परदेशी पाठवणाऱ्या देशाच्या गोष्टीला ही अट अन्यायकारक आहे. तरीही प्रवेशिका पाठवण्याआधी संवादांची यादी घेऊन भाषेप्रमाणे मोजणी करता आली असती. नायजेरियाचे उदाहरण वर्षभर समोर होते. ही चूक निवडणाऱ्यांचीच म्हणावी लागेल.

बदली म्हणून 'व्हितालिना व्हारेला' गेला. लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण बिबट्या, त्याने २०१९ मध्येच मिळवला होता. पोर्तुगालमध्ये तो त्याच वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस लागला म्हणून नव्या मुदतीत बसला. महिनाभर आधी लागता तर पर्यायच उरला नसता. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर तीन दिवसांनी लिस्बनला पोहोचलेल्या केप व्हर्डीय बाईची ही गोष्ट आहे आणि संवाद मुख्यतः तिच्या क्रिओलमध्ये, म्हणजे पोर्तुगीजवरून घडलेल्या तिथल्या मिश्र भाषेत आहेत. २००६ च्या आधीच्या नियमाखाली त्याचाही मार्ग अडला असता. पण तोवर अमेरिकेत प्रदर्शित होऊन त्याला दहा महिने उलटले होते आणि प्रचाराला हातात काही आठवडेच होते. शॉर्टलिस्टमध्ये तो आला नाही.

त्यानंतरच्या प्रवेशिकाही कमकुवत नव्हत्या. २०२३ चा 'माल व्हिव्हेर' बर्लिनचा परीक्षक पुरस्कार घेऊन आला. त्याचा जोडचित्रपट 'व्हिव्हेर माल' त्याच हॉटेलातली गोष्ट पाहुण्यांच्या बाजूने सांगतो, पण एकच पाठवायचा असल्याने मतदारांना अर्धीच जोडी दिसली. त्याच वर्षी जानेवारीत पोर्तुगालला ऑस्करचे पहिले नामांकन मिळाले, तेही दुसऱ्याच विभागात. 'आइस मर्चंट्स' हा तो १४ मिनिटांचा, संवाद नसलेला अ‍ॅनिमेशनपट.

२०२४ मध्ये कानचा दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवलेला 'ग्रँड टूर' गेला. कथा पहिल्या महायुद्धाच्या काळातली, नायक रंगूनमधला ब्रिटिश अधिकारी, त्याला शोधत आशियाभर फिरणारी त्याची वाग्दत्त वधूही ब्रिटिश. दोघेही सबंध चित्रपटभर पोर्तुगीज बोलतात, आणि निवेदनाची भाषा देशागणिक बदलते. भाषेच्या अटीला बोट ठेवायला जागा नव्हती. १५ च्या यादीत मात्र त्याचेही नाव नव्हते.