वडोदऱ्याचे विमान: ‘देशातील पहिला कारखाना’ या समजाचा खुलासा

दांडिया बाजारातील आपल्या मराठी घरांत मुलांना अजूनही सांगितले जाते की, भारतात विमान प्रथम तयार होणार ते आपल्या वडोदऱ्यातच. अभिमान रास्त आहे, विधान मात्र चुकीचे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्येच बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमाननिर्मिती कंपनीची स्थापना केली होती, आणि हवाई दलाच्या ज्या ॲव्रो वाहतूक विमानांची जागा वडोदऱ्याच्या टाटा-एअरबस कारखान्यातले सी-295 हे लष्करी वाहतूक विमान घेणार आहे, ती विमाने 1960 च्या दशकापासून कानपूरला बांधली जात होती. (वालचंदांचे नाव मराठी माणसानेच विसरावे, याचे मला फार वाईट वाटते.)

28 ऑक्टोबर 2024 रोजी उद्घाटन झालेल्या टाटा-एअरबस प्रकल्पाचे वेगळेपण असे की, लष्करी विमानाची अंतिम जुळणी करणारा तो देशातील पहिला खासगी कारखाना आहे. हवाई दलासाठीच्या करारातील 56 सी-295 विमानांपैकी 16 स्पेनमधील सेव्हिल येथून तयार आलेली आणि 40 इथली. सांगाड्याचे मोठे भाग हैदराबादला घडतात व वडोदऱ्यात जोडले जातात. इंजिन, उतरणीची चाके आणि उड्डाणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे मात्र एअरबस पुरवते.